बारा जणींचे बिऱ्हाड

(मंडळाच्या श्रावणातल्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर या मंडळात मी काम केले ते सतरंज्या घालण्याचे, चहाचे कप मोजून परत कपाटात ठेवण्याचे आणि भोंडल्याच्या खिरापतीचे. चिटणीसबाई म्हणाल्या, "त्या घराबद्दल तुम्हीच सांगा, तुमच्या भिंतीला लागून आहे." मी म्हटले, सांगीन, पण मग सगळेच सांगीन. त्या हो म्हणाल्या, म्हणून उभी आहे. कागदावर लिहून आणले आहे. अडखळले तर सांभाळून घ्या.

आळीत नवे बिऱ्हाड यायचे म्हणजे सामान काय काय उतरते ते आपण बायका आधी खिडकीतून पाहतो. २०२२ च्या जूनमध्ये आमच्या शेजारच्या रिकाम्या बंगल्यापुढे टेंपो उभा राहिला, तेव्हा मीही पाहिले. बारा लोखंडी खाटा उतरल्या, बारा ताटे, एक मोठे पातेले. पाळणा नाही, सायकल नाही, पुरुषमाणूस नाही. संध्याकाळपर्यंत कळले की एका संस्थेने बंगला भाड्याने घेतला आहे, आणि मनोरुग्णालयात बऱ्या झालेल्या बारा जणी तिथे राहणार आहेत. बऱ्या झालेल्या, पण घरचे न्यायला येत नाहीत अशा. कुणाच्या नवऱ्याने दुसरा संसार थाटलेला, कुणाच्या भावाने पत्ताच बदललेला.

आपल्या बोलण्यात "येरवड्याला पाठवा याला" किंवा "ठाण्याला नेऊन ठेवा" हे किती सहज येते! मी स्वतः मुलांना रागावताना म्हटलेले आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालये आहेत, तिथे माणसे औषधपाणी घेऊन बरी होतात, हे माहीत असूनही आपल्या तोंडी त्या गावांची नावे शिवीसारखी बसली आहेत. तेव्हा आमच्या आळीला धक्का बसला यात नवल ते काय! दुसऱ्याच दिवशी लोकांनी मुलांना अंगणात खेळायला सोडणे बंद केले. दोन घरांनी दाराला आतून दुसरी कडी बसवली. मी दोरीवरचे कपडे उन्हे उतरायच्या आत काढू लागले.

एक गोष्ट सांगायला मला लाज वाटते. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था आहे. रस्त्यावर हिंडणाऱ्या मनोरुग्णांना ते आणतात, बरे करतात आणि त्यांच्या घरी पोहोचवतात. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा ते मी वर्तमानपत्रात वाचले होते, आणि यांनाही वाचून दाखवले होते. डोळ्यांत पाणी आले होते माझ्या. चार वर्षांनी तशाच बारा बायका भिंतीपलीकडे आल्या, तेव्हा ते पाणी कुठे गेले कोण जाणे.

आता आमच्या तक्रारी काय होत्या, तेही प्रामाणिकपणे सांगते, कारण सगळ्याच काही खोट्या नव्हत्या. एक जण रात्री-अपरात्री मोठ्याने रडे. एक जण येताजाताना कुंपणावरची जास्वंद तोडून नेई. माझी देवपूजेची फुले रोज जात. एकदा एक बाई कोपऱ्यावरच्या काकूंच्या ओसरीवर येऊन बसली आणि दोन तास उठेना. तिला न्यायला आलेली आया धापा टाकीत आली, कारण ती तिला भलत्याच गल्लीत शोधत होती. आणि सांडपाण्याची टाकी भरून वाहत असे. ती तक्रार सर्वांत खरी, आणि मजा पाहा, नेमकी तीच आमच्या अर्जात लिहायची राहिली.

अर्ज दसऱ्याच्या आधी देवळाच्या सभामंडपात लिहिला गेला. "वेड्या बायकांच्या मुक्त वावरामुळे आळीतील स्त्रिया व मुले भयभीत झाली आहेत, सबब सदर वसतिगृह अन्यत्र हलवावे." भाषा एका निवृत्त गुरुजींची. सह्या एकेचाळीस. माझी चौथी. भयभीत म्हणावे इतके माझे काहीच झाले नव्हते, गेली होती ती जास्वंदीची फुले. पण सगळ्या करतात म्हणून केली. बायकांच्या सह्या पुढे असाव्यात, असे पुरुषमंडळींचे म्हणणे पडले होते.

अर्जावर नगरपालिकेचे उत्तर काही आले नाही. पण संस्थेच्या लोकांपर्यंत बातमी पोहोचली आणि ते घाबरले. पंधरा दिवसांत फाटकाला साखळी आली, व्हरांड्याला जाळी आली, आणि वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी लोखंडी दार बसवून त्याला रात्री कुलूप लागू लागले. सज्जात उभे राहणेही बंद झाले. आळीत शांतता झाली. आम्ही म्हटले, बघा, सह्यांचा उपयोग झाला! जास्वंद पुन्हा माझ्या देवांना मिळू लागली. आत बारा जणींवर लक्ष ठेवायला किती माणसे आहेत, रात्री कोण असते, हे तोवर आमच्यापैकी एकीनेही विचारले नव्हते. त्या बाहेर दिसल्या की आमची तक्रार. दिसेनाशा झाल्या, की आमचे काम संपले.

त्यांच्यात एक वयस्कर बाई आहेत. त्यांचे नाव मी इथे सांगत नाही, ते बरे नव्हे; आम्ही त्यांना आक्का म्हणतो. माझ्या सासूबाई अंगणातून मला "सूनबाई, अगं सूनबाई" अशी हाक मारतात, ती ऐकून ऐकून आक्कांनीही मला तीच हाक लावली होती. सज्जातून विचारीत, "सूनबाई, भाजी कसली आज?" मी कधी उत्तर देई, कधी ऐकले न ऐकलेसे करून आत जाई. जाळी बसल्यावर तेही थांबले.

२०२३ च्या जानेवारीतली गोष्ट. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे हळदीकुंकू होते. आळीतल्या सगळ्या जणी आल्या, तिळगूळ झाला, वाण म्हणून मी प्लास्टिकच्या चाळण्या लुटल्या. भिंतीपलीकडे काही पाठवले नाही. दमून झोपले. रात्री दोन-अडीचच्या सुमारास हाक आली, "सूनबाई, अगं सूनबाई!" मला वाटले सासूबाईच. उठून त्यांच्या खोलीत गेले, तर त्या गाढ झोपलेल्या. पुन्हा हाक आली. तेव्हा ध्यानात आले की ती शेजारच्या वरच्या खिडकीतून येते आहे. "सूनबाई, ये गं, ती पडली." शब्द मला नीट ऐकू आले. आज शपथेवर सांगते, नीट ऐकू आले. हे कुशीवरून म्हणाले, "काय गं?" मी म्हटले, "काही नाही, त्यांचं नेहमीचं." आणि थंडी होती म्हणून खिडकी लावून घेतली.

सकाळी सहाला रुग्णवाहिका आली. वरच्या मजल्यावरची एक बाई, माझ्याहून चार वर्षांनी लहान, न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. खुब्याचे हाड मोडले होते. तिला उचलायला दोघी-तिघींनी पाहिले, पण ती ओरडे म्हणून त्यांनी सोडून दिले आणि अंगावर आपापली पांघरुणे घातली. जिन्याच्या दाराला कुलूप. किल्ली खाली आयाच्या उशाशी. तीच आया दिवसा स्वयंपाकाला, तीच रात्री राखणीला. दुसरी काम सोडून गेल्याला महिना झाला होता. मागच्या खोलीत ती मेल्यासारखी झोपली होती. वरच्या अकरा जणींनी दार वाजवले, हाका मारल्या. आणि आक्कांना सुचले ते असे की शेजारी एक सूनबाई आहे, ती जागी झाली तर येईल. जी "वेडी" म्हणून आम्ही अर्ज केला, तिने अडचणीच्या वेळी अगदी शहाण्या माणसाने करावे तेच केले होते.

ओल्या फरशीवर साडेतीन तास. इस्पितळात तिच्या छातीत कफ झाला आणि नवव्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हाड मोडलेल्या माणसाचे असे होऊ शकते, लवकर आणले असते तरी सांगता येत नाही. हे वाक्य मी मनाशी बऱ्याचदा म्हणून पाहिले आहे. त्याने झोप लागत नाही.

यानंतर आळीत पुन्हा दोन मते झाली. काहींनी म्हटले, बघा, म्हणूनच हलवा म्हणत होतो. मी आणि आणखी दोघी मात्र त्या घरी गेलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या पायऱ्या चढलो. व्यवस्थापिकाबाई तिथे होत्या. त्या रागावतील असे वाटले होते, पण त्या थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या अर्जामुळं कुलूप लावलं, हे मी तुम्हाला म्हणणार नाही. कुलूप आम्ही लावलं. माणसं कमी होती, आणि कुलूप स्वस्त पडतं."

संस्थेच्या कामात मदत करणाऱ्या एक वकीलबाई त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितले ते मला जसे कळले तसे सांगते. २०१७ साली मानसिक आरोग्यसेवेचा नवा कायदा झाला, तो २०१८ च्या मे महिन्यापासून लागू आहे. त्याच्या १९ व्या कलमात म्हटले आहे की अशा माणसाला समाजातच राहण्याचा हक्क आहे. घरचे नेत नाहीत एवढ्यासाठी कुणाला इस्पितळात अडकवून ठेवायचे नाही, अशांसाठी सरकारने वस्तीत घरांची सोय करायची. म्हणजे आमच्या आळीतले ते बिऱ्हाड मेहेरबानीवर नव्हते. आणि त्याच कायद्यात ९५ व्या कलमाने साखळदंडाने बांधण्याला बंदी आहे, तर ९७ व्या कलमात एकट्याला कोंडून ठेवण्याला मनाई आहे, आणि माणसे कमी आहेत एवढ्या कारणावरून कुणाला बांधून ठेवता येणार नाही असेही स्पष्ट लिहिले आहे. कायदा करणाऱ्यांना हे सुचले कसे, असे मी विचारले. तेव्हा त्यांनी तामिळनाडूतल्या एरवाडीचे सांगितले. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तिथल्या एका आश्रयगृहाच्या झोपडीला आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे जळून मेली. बांधलेली होती म्हणून पळता आले नाही. ती माणसे पळून जाऊ नयेत, कुणाला त्रास देऊ नयेत म्हणूनच बांधली होती ना? मी ते ऐकले आणि मला जिन्याचे ते लोखंडी दार दिसू लागले. आग लागली असती तर?

तरी मी संस्थेला सोडून द्या म्हणत नाही. आपण बायका पटकन हळव्या होतो आणि "बिचाऱ्या सेवा करतात" म्हणून विचारायचे ते विचारत नाही. मी विचारले. "रात्री किती माणसं असतात? किल्ली कुणाजवळ? ती आजारी पडली तर कोण येतं? रात्री फोन केला तर उचलतं कोण?" व्यवस्थापिकाबाईंनी एकेकाचे उत्तर दिले, आणि जिथे उत्तर नव्हते तिथे गप्प बसल्या. मग कोपऱ्यावरच्या काकूंनी विचारले, "कोणाला काय आजार आहे तेवढं सांगा म्हणजे बरं, आम्हाला जपता येईल." त्यावर मात्र त्या ताठ बसल्या. "ते सांगणार नाही. तुमच्या घरात कोण कसली गोळी घेतं हे मी विचारते का?" काकूंना राग आला. मला पटले. काकूंची रक्तदाबाची गोळी आळीत सर्वांना माहीत आहे ती त्यांनीच सांगितल्यामुळे!

हळूहळू काही गोष्टी बदलल्या. जिन्याचे दार काढून टाकले. रात्री दोघी जणी असतात, एक वर, एक खाली. दुसरीच्या पगारासाठी संस्थेला बरीच धावाधाव करावी लागली. फाटकाची साखळी गेली आणि त्याला एक पितळी घंटा बांधली आहे, फाटक उघडले की वाजते. कोणाला बाहेर जाऊ नको म्हणत नाहीत. कोण गेले, अंगावर कोणती साडी, किती वाजता, हे वहीत लिहितात. आळीतल्या दहा घरी त्यांचा नंबर एका कागदावर लिहून दिला आहे. माझा कागद दिनदर्शिकेशेजारी खिळ्याला आहे. आणि सांडपाण्याची टाकी उपसली, हे सांगायला नको का? तेवढ्याने अर्जातल्या निम्म्या सह्यांचा राग गेला!

पूर्वी मला वाटे, लक्ष ठेवणे म्हणजे नजर ठेवणे. चोरावर ठेवतात तशी. त्या घरातली वरची आया, तिचे शिक्षण माझ्याएवढेच, ती एकदा बोलता बोलता म्हणाली, "बाई, कुलूप लावलं की माणूस झोपतं. लावलं नाही की जागं राहतं." मी ते घरी येऊन यांना सांगितले. हे म्हणाले, खरे आहे, पण पगार जागे राहण्याचा द्यायला हवा.

आता २०२४ च्या कृष्णाबाईच्या उत्सवातली गोष्ट. पहाटे आक्का उठून फाटकाबाहेर पडल्या. घंटा वाजली, आयाने वहीत लिहिले, पण आक्का नेहमीसारख्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परतल्या नाहीत. घाटावर गेल्या. थेट पाण्याजवळच्या पायरीवर जाऊन बसल्या. वर्षापूर्वी असते तर आळीभर ओरडा झाला असता, चार पुरुषांनी हात धरून ओढत आणले असते आणि व्हॉट्सॲपवर फोटो फिरला असता. त्या दिवशी घाटावरच्या फुलवालीने पाहिले आणि मला फोन केला. मी कागदावरचा नंबर लावला. आया आली, तशी मीही गेले. आयाने आक्कांना उठवले नाही. ती दोन पायऱ्या खाली, पाण्याच्या बाजूला, जाऊन बसली, म्हणजे घसरल्याच तर मध्ये ती. पाव तासाने आक्का म्हणाल्या, "सूनबाई, चहा आहे का गं?" आम्ही तिघी माझ्या घरी आलो आणि चहा घेतला. एवढेच झाले. त्या घाटावर का गेल्या, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

सगळे गोड झाले असे समजू नका. रात्रीचे रडणे अजून आहे. एका घराने मुलीच्या लग्नाच्या बोलणीत अडचण नको म्हणून आळी सोडली. काकू अजून त्या पायऱ्या चढत नाहीत, पण संक्रांतीचा तिळगूळ भिंतीवरून देतात. आणि मी रात्री हाक ऐकू आली की अजून दचकून उठते.

आणखी एक सांगायचे आहे, ते सांगू की नको असे दोन दिवस चालले होते. गेल्या वर्षापासून माझ्या सासूबाईंना विसर पडू लागला आहे. दोनदा त्या "माहेरी जाते" म्हणून निघाल्या. माहेर पडले, आता तिथे कोणी नाही. मी घरात एकटी. बाजारात जाताना बाहेरून कडी घालून जाऊ लागले. अर्धा तास तर जायचे, असे मनाशी म्हणे. एके दिवशी परत आले तर सासूबाई दाराशी बसल्या होत्या, आतून कडी ओढून ओढून त्यांची बोटे लाल झाली होती, आणि ओट्यावर मी बंद करायला विसरलेल्या गॅसवर दूध जळून कोळसा झाले होते. त्या घरावर आम्ही एकेचाळीस सह्यांचा अर्ज केला होता. माझ्या घरावर कोण करणार? आता बाजारात जाताना मी फाटकापाशी सांगून जाते. दुपारी आया किंवा आक्का येऊन बसतात. आक्का आणि सासूबाई दोघीही मला सूनबाई म्हणतात, आणि दोघीही भाजी कसली ते विचारतात.

मंडळाच्या वतीने आम्ही दोघी दर बुधवारी चार वाजता त्या घरी जातो. तपासणीला नव्हे, वाती वळतो, भाजी निवडतो, कोणाची वेणी घालतो. पण जाता-येता वहीवर नजर टाकतो, रात्रीची दुसरी बाई आहे ना ते पाहतो, न्हाणीघराची फरशी कोरडी आहे का ते पाहतो, आणि नसेल तर व्यवस्थापिकाबाईंना तिथल्या तिथे सांगतो. त्यांना सुरुवातीला आवडत नसे. आता म्हणतात, सांगा.

आमच्यातल्या एकीच्या सुनेचे बाळंतपण आहे, त्यामुळे पुढल्या महिन्यापासून बुधवारला मी एकटीच राहते. आणखी दोघी हव्या आहेत. मुरकुटी घातलेली सुती साडी नेसून या, कारण ओटा-फरशीचे काम निघते. ज्यांना जमेल त्यांनी सभेनंतर सतरंज्या गुंडाळताना माझ्याकडे नाव द्यावे.